सत्याऐंशी नंबरच्या नळ्या

सकाळी पेशंट यायच्या आत मशीनला एक ओळखीचं रक्त पाजायचं, ही आमच्या लॅबची रीत. ज्याची साखर आधीच ठाऊक आहे असा नमुना घालायचा. आकडा जुळला की मशीन शहाणं, मग दिवस सुरू. सव्वीस वर्षं मी हेच करतोय. त्यासाठी कंपनीच्या तयार बाटल्या येतात. यंदा त्या वेळेवर आल्या नाहीत, म्हणून मी डीप फ्रीजर उघडला.

आत अकरा वर्षांपूर्वीच्या एका अभ्यासाचे डबे होते. कोणता मधुमेही लवकर जाणार, हे सांगणारी काही खूण रक्तात सापडते का, ते तीनशे पेशंटांमध्ये तपासलं होतं. आता सगळं गुंडाळलं होतं आणि डबे टाकून द्यायचे होते. सत्याऐंशी नंबरच्या आठ नळ्या मी बाजूला काढल्या. फेकण्यापेक्षा कामी येऊ देत. सत्याऐंशी म्हणजे माझी बायको.

तिची ती खूण मीच तपासली होती. आकडा तीनशेंत वरून चौथा. पेशंटला काही सांगायचं नाही, असा नियम. स्वयंपाकघरात तिनं विचारलं, "अहो, काय निघालं माझं?" मी म्हटलं, "रिसर्चचे आकडे गं ते, त्यांना काही अर्थ नसतो. चहा घे, गार होतोय." तिनं मुकाट्यानं कप उचलला. दोन वर्षांनी ती गेली. हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही.

पहिल्या सोमवारी नळी वितळवली. साखर एकशे बेचाळीस, जुन्या नोंदीइतकीच. दुसऱ्या सोमवारी एकशे एक्क्याण्णव. मशीन धुऊन पुन्हा घातली, तेच. शेजारच्या अठ्ठ्याऐंशी नंबरचा आकडा मात्र चोख आला. गोठलेल्या रक्तात साखर वाढत नसते.

तिसऱ्या सोमवारी दोनशे सहा. हा आकडा मी त्याच सकाळी घरी पाहिला होता, माझं बोट टोचून. मलाही मधुमेह आहे, आणि ती गेल्यापासून पथ्याचा आनंदच होता. वही काढली. मागच्या सोमवारचा एकशे एक्क्याण्णवही माझाच.

योगायोग म्हणून सोडून देणाऱ्यांतला मी नाही. रविवारी मुद्दाम तीन चमचे साखरेचा चहा प्यायलो, वर अर्धा केक खाल्ला. सोमवारी माझी साखर दोनशे अठ्ठ्याहत्तर. तिचीही. मला भीती वाटायला हवी होती, पण मी रिकाम्या लॅबमध्ये एकटाच हसत सुटलो. नऊ वर्षांनी कुणीतरी माझ्या ताटात डोकावत होतं.

मग मी पथ्य पाळायला लागलो, चालायला लागलो. माझा आकडा उतरला, तिचाही. रविवारी झोपताना मी म्हणायचो, "उद्या बघ हं." घर खायला उठायचं, ते जरा थांबलं.

एकच नळी उरली. ती संपली की मी पुन्हा एकटा. आणि साखर एक झाली, तर ती खूणही झाली असेल का?

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लॅबच्या प्रमुख, पण वयानं मला मुलीसारख्या. दोन वर्षांपूर्वी इथे आल्या, माझ्या बायकोला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्या खुणेच्या तपासणीचे निकाल आता त्यांच्याच संगणकावर उघडतात. मी दोन नमुने लावले. एक सत्याऐंशी, एक माझा.

"काका, कशाला उगाच डोक्याला ताप?"

"कळू दे एकदाचं."

वीस मिनिटं लागतात. मी त्यांच्या टेबलासमोर बसून राहिलो.

निकाल उघडला. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

"सारखेच आहेत?"

त्यांनी मान डोलावली.

"किती?"

त्यांनी स्क्रीन बंद केली.

"अहो, रिसर्चचे आकडे ते, त्यांना काही अर्थ नसतो. चहा घ्या, गार होतोय."

टेबलावर कप नव्हता. लॅबच्या आत चहा आणायला बंदीच आहे.

मी मुकाट्यानं हात पुढे केला.