शेततळ्यातली पाणबुडी

"अहो! अहो, थांबा! काय कापताय ते?"

सुलेखा दारातूनच ओरडली, पण उशीर झाला होता. मुकुंदवाडीच्या त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये करवतीखालून एक पितळी तुकडा टण्णकन फरशीवर पडला. कापणाऱ्यानं मान वर केली.

"हे व्हय? ओतकामात उरलेला दांडा होता खाली. टेबलावर नीट बसंना, म्हणून काढून टाकला. बघा, कसं ऐटीत बसलं आता!"

किती अभिमानानं सांगत होता तो!

"दांडा नाही तो... माझ्या पाणबुडीचं सुकाणू आहे. होतं."

आता आ वासायची पाळी त्याची होती. इंद्रजीत त्याचं नाव. लोखंड-पितळ बोटांवर खेळवणारा टर्नर, पण सुकाणू पहिल्यांदाच बघत होता. समुद्र कुठं, मुकुंदवाडी कुठं! इथं पाणबुडीचं शेपूट नुसती भोकं पाडायला येईल, असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

पुंडलिकनगरच्या घरातल्या मागच्या खोलीत सुलेखानं वर्षभर राबून ती बनवली होती. तीन फूट लांब, पातळ वायरीनं रिमोटला जोडलेली. कोचीच्या एका कंपनीला शनिवारपर्यंत व्हिडिओ हवा होता. पाणबुडीनं बुडायचं, तळाशी एक मिनिट निजायचं आणि वायर न ओढता आपलं आपण वर यायचं. जमलं तर नोकरी. आणि आज मंगळवार!

तिचे डोळे भरून आले, तसा इंद्रजीत कावराबावरा झाला.

"रडू नका हो... मी करून देतो. सुकाणूचे चारी पंख नवे. दुसऱ्या कामाला हात लावायचा नाय, शब्द माझा." त्यानं शेपूट उचललं, उलटसुलट पाहिलं आणि हळूच तिरपं धरलं. "पण मी म्हणतो, पंख असे उभे-आडवे कशाला? तिरपे लावले तर खाली काही लोंबतच नाय. तळाला टेकली तरी मोडायची भीती नाय."

सुलेखा चमकली. मोठमोठ्या पाणबुड्यांवर असे तिरपे पंख असतात, हे तिनं वाचलं होतं. ह्यानं नुसतं टेबलाकडं बघून ओळखलं?

"चालतं तसं," ती डोळे पुसत म्हणाली, "पण मग प्रत्येक पंखाला वेगळी मोटर लागते. साधं डावीकडं वळायचं तरी चौघांची संमती."

"आमच्या घरात तसंच हाय."

तिला हसू आलं. रागावलेली असताना हसू यावं, याचाच तिला राग आला.

मग ती रोज येऊ लागली. मोटरींचं गणित तिचं, कानशीचं काम त्याचं. गुरुवारी मागच्या पंख्यावरून वाद पेटला.

"छोटा पंखा गरागरा फिरवला की हलक्या मोटरीवर भागतं," ती म्हणाली. "पण पाण्यात बुडबुडे, गोंगाट. मोठा हळू फिरतो, आवाज करत नाही... पण त्याला गिअर हवा, वजन वाढतं. एक निवडा. लवकर पोचायचं, की गुपचूप?"

"गुपचूप," तो म्हणाला. तिच्याकडं बघत. "घाई कुणाला हाय?"

कानामागं गरम का झालं, हे तिला कळेना.

शनिवारी सकाळी दोघं गंगापूरजवळ त्याच्या शेतावर पोचली. कापसाच्या कडेला पन्नी अंथरलेलं शेततळं, पाणी काठोकाठ. त्याची आई, सरूबाई, बांधावर बसली होती. "पन्नी फाडू नका रे," एवढंच म्हणाली.

पाणबुडी बुडाली. तळाशी मऊ टेकली. एक मिनिट... आणि सुलेखानं वर यायचं बटण दाबलं.

काहीच नाही.

तिनं रिमोटच्या पडद्यावर पाहिलं. खालचा एक पंख अडकला होता.

वायर इंद्रजीतच्या हातात होती. एक झटका दिला असता तर पाणबुडी वर आली असती. व्हिडिओ बाद झाला असता, कोची बाद झाली असती.

त्यानं वायर सैल सोडली. खाली ठेवली आणि दोन्ही हात मागं बांधले.

"तीन पंख हायेत की," तो हलकेच म्हणाला. "लाव गणित."

तिनं उरलेले तिन्ही पंख वळवले आणि मागचा पंखा सुरू केला. पाणी हललं... आणि तिरकं नाक वर काढत पाणबुडी बाहेर आली!

सुलेखानं मोबाईलवरचं चित्रीकरण बंद केलं, पण तिला नाचावंसं वाटेना. "ओढली असतीस तर मी इथंच राहिले असते, इंद्रजीत."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग जन्मभर तू पाण्याकडं बघत बसली असतीस. माझ्याकडं कशाला बघशील?"

बांधावरून सरूबाई कडाडली, "आता तरी बोल की बेण्या! पोरी, तीन दिवस झाले, हा बादलीत लाटणं बुडवून बघतोय. करून टाका लगीन!"

"आई!" इंद्रजीत कानापर्यंत लाल झाला.

सुलेखानं रिमोट खाली ठेवला. "मावशी... मी तर कोचीला चालले."

"तिथं बोटींच्या वर्कशॉपला टर्नर लागतात," इंद्रजीत पन्नीकडं बघत पुटपुटला. "फोन करून विचारलंय मी. ये म्हणाले."

"कधी विचारलंस?"

"बुधवारी."

"बुधवारी?" तिचा आवाजच चिरकला. "अरे, मंगळवारी तर भेटलो आपण!"

"व्हय... पण मंगळवारी वेळच नव्हता. तुझं सुकाणू करत होतो ना."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग पुढं झाली आणि सरूबाईच्या देखत त्याचा हात घट्ट धरला.