अकरा सरळ ओळी

"ओ बाई! माझ्या अंगणात झेंडे कसले रोवताय?"

नोएमी दचकली. हातातला छोटा केशरी झेंडा हातातच राहिला. तिनं मान वर केली. समोर सिमेंटच्या चार पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर घर नव्हतं, नुसतं आभाळ होतं. सगळ्यात वरच्या पायरीवर एक तरुण कॉफीचा कप घेऊन बसला होता, मागच्या दारातून नुकताच बाहेर आल्यासारखा.

"अंगण?" ती म्हणाली. "मला वाटलं, ही सरकारी टेकडी आहे."

"मध्ये कुंपण होतं. जळलं."

"आणि... घर?"

"तेही."

ऑक्टोबरच्या वणव्यानं आग्वा चिका कॅनियनच्या दरीतली वीस-बावीस घरं नेली होती. नोएमीचं खेडं डोंगरापलीकडे, म्हणून वाचलेलं. वाचलेल्या माणसांना जळलेल्यांसमोर उभं राहताना जे वाटतं, तेच तिला वाटलं. उगीचच अपराधी.

"झेंडे बियाण्यासाठी आहेत," ती घाईघाईनं म्हणाली. "मी रानफुलांचं बी गोळा करते. जूनमध्ये फुलं वाळली की कळत नाही ना कुठं काय होतं, म्हणून आत्ताच खुणा करून ठेवायच्या. काढते हं सगळे—"

"राहू द्या. शोभतायत." तो खाली उतरला आणि सरळ त्या जांभळ्या-निळ्या फुलांत मांडी ठोकून बसला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, अर्धी चड्डी.

"अहो! अंगाला लावू नका! ही फॅसीलिया आहे, हिच्या केसाळ देठांनी—"

"काय होतं?"

"आत्ता काही नाही. परवा कळेल."

तो हसला. "मग परवा भेटू."

आणि खरंच, परवा तो तिच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक, अंगभर पुरळ, चेहरा मात्र हसरा. "शाप देता आणि उतारा न सांगता जाता होय?"

नोएमीला हसू आवरेना. पायऱ्यांच्या बाजूला एक नळ होता. त्या सबंध जागेत चालू राहिलेली तेवढीच एक वस्तू. खाली विटांचा चौकोनी ओटा, थोडा फुटलेला. तिनं भांड्यांचा साबण काढून त्याला हात धुवायला शिकवलं. "फुलांना हात लागला की लगेच धुवायचं. घासायचं नाही, नुसतं धुवायचं."

"तुमच्या शर्टावर हे गंजाचे डाग कसले?"

"त्याच फुलांचे. निघत नाहीत."

"नवा शर्ट घेऊन देऊ का?"

"आधी स्वतःला पूर्ण बाह्यांचा घ्या."

त्याचं नाव एफ्रेन किहादा. तिसऱ्या भेटीत 'अहो' गळून पडलं, पाचव्या भेटीत, घर जळाल्यापासून तो राहत होता त्या ट्रेलरमधून कॉफीचा दुसरा कप आला. ती कामावर जाताना रोज सकाळी वाट वाकडी करून येई आणि दोघं पायऱ्यांवर बसत. समोरचा सगळा उतार निळा. काळ्या, जळक्या झुडपांच्या खुंटांमधून इतका दाट निळा, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला रडूच यावं.

"ही आईनं लावलीत," एफ्रेन एकदा सहज म्हणाला.

नोएमीनं कप खाली ठेवला.

"खरंच. दर पानगळीत ती कॉफीच्या डब्यात बी गोळा करायची. दुकानातल्या पुड्या, शेजारणींनी दिलेलं, आणि तिच्या गावाकडून आणलेलं गुलबाक्षीचं काळं बी. मग इथं उभं राहून, मुठी भरभरून उधळायची. वीस वर्षं! एक रोप आलं नाही. बाबा म्हणायचे, अम्पारो, तू फुलं नाही लावत, बी चारून लावे पक्षी पाळतेस." तो हसला. हसता हसता त्याचा आवाज बदलला. "वणवा आला त्या दिवशी मी तिला गाडीत बसवलं होतं, नोएमी. कोंबड्या सोडून येते म्हणाली. दोन मिनिटं म्हणाली... आणि मार्चमध्ये बघतो तर, हे. सगळं एकदम आलं. मी रोज सकाळी बोलतो तिच्याशी. वेडा वाटेन तुला."

नोएमीनं समोरच्या फुलांकडे पुन्हा पाहिलं.

तिला पहिल्याच नजरेत सगळं कळलं होतं. हे बी अम्पारोबाईंच्या डब्यातलं नव्हतं. ते एफ्रेनच्या जन्माआधीपासून या मातीत पडून होतं, मागच्या वणव्यापासून. पाऊस आले-गेले, ते उठलं नाही. धुराचा वास मातीत मुरला तेव्हाच उठलं. या जातीची रीतच ती. आगीमागून यायचं, एक वसंत डोंगर झाकायचा आणि पुढच्या आगीपर्यंत गडप व्हायचं. सात वर्षं ती हेच काम करत होती. पण समोरच्या माणसाचे डोळे भरलेले असताना असलं ज्ञान कोण पाजळणार?

"वेडा नाही वाटत," ती म्हणाली. तेवढं मात्र खरं होतं.

उन्हाळा लागला. फुलं वाळली. एफ्रेन तिच्याबरोबर बी गोळा करू लागला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, हातमोजे चढवून, गळ्यात कागदी पिशवी अडकवून. फुलांचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, खालचं बी आधी पिकायचं, टोकाचं शेवटी. वीस बोंडांतलं एकच घ्यायचं, बाकीची डोंगराची, हा बियाणेवाल्यांचा नियम. एफ्रेन मोजत बसायचा आणि अठराव्याला चुकायचा.

"तुला वीसपर्यंत आकडे येत नाहीत?"

"तू समोर असलीस की अठरापर्यंतच येतात."

"शाळेत काय शिकलास मग?"

"शाळेत जाऊन उपयोग काय? आईनं शिवलेल्या पँटचा एक पाय घोट्याला, दुसरा पोटरीला. पोरं हसायची, मी वर्गाबाहेर. सरळ रेघ आणि आई यांचं आयुष्यात कधी जमलं नाही गं. भांगसुद्धा वाकडा पडायचा तिचा."

संध्याकाळी नळाखाली दोघांचे हात फेसानं भरलेले असायचे. एके दिवशी त्यानं त्या फेसातच तिची बोटं धरली... आणि सोडली नाहीत.

"पाणी वाया जातंय," ती पुटपुटली.

"जाऊ दे."

पाणी विटांवरून, फटींतून वाहत राहिलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ताई बोलावतेय. बॉइसीला, पार दुसऱ्या राज्यात. भाऊजींचं छपरं घालायचं काम आहे, माणूस हवाय. जागा विकून टाक म्हणते. मी तिला एकच सांगितलंय, पुढच्या मार्चमध्ये आई पुन्हा फुलली, तर मी याच पायऱ्यांवर घर बांधणार. नाही फुलली तर समजेन, तीच जा म्हणतेय." तो थांबला. "आणि फुलली, तर त्या घरात..."

"त्या घरात काय?"

"आधी फुलू तर दे."

नोएमीला रात्रभर... नाही, खरं सांगायचं तर पुढचे चार महिने सुखाची झोप लागली नाही. फुलणार नव्हतं. तिच्याइतकं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करताना पानगळ आली. सांगितलं असतं तर त्याची आई त्याच्या हातून दुसऱ्यांदा गेली असती आणि तिच्या मागोमाग तोही. न सांगता गप्प बसावं, तरी मार्चमध्ये तो जाणारच होता.

शेवटी नोव्हेंबरात, एफ्रेन सणाला बहिणीकडे गेला तेव्हा, ती कामावरच्या बियाण्याच्या शेडमध्ये धुराचं पिंप पेटवून बसली. जळक्या काटक्यांचा धूर नळीनं पेटीत सोडायचा आणि आतल्या चाळणीवरच्या बियांना तो पाजायचा. शेडची मुकादम ओर्तेन्सिया साठीची बाई. तिच्या नजरेतून मूठभर बीसुद्धा सुटत नसे.

"कुठल्या टेकडीचं काम हे? पाटीवर नाव नाही."

"माझं आहे."

"असं होय. म्हणजे टेकडीचं नाही, माणसाचं काम दिसतंय." ओर्तेन्सियानं धुराची नळी नीट बसवून दिली. "बी फसतं गं, पोरी. त्याला वाटतं, वणवा येऊन गेला. माणसाला कळलं तर काय करशील?"

नोएमीनं पिंपात आणखी काटक्या घातल्या. रविवारी ती पायऱ्यांपाशी गेली, बी पेरलं, वर मातीचा पातळ थर दिला, कारण हे बी अंधारातच रुजतं. बुटानं दाबलं. आणि देवाला न मानणारी ती मुलगी पावसासाठी प्रार्थना करत घरी गेली.

पाऊस झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळीच फोन वाजला.

"आली! नोएमी, ती आलीय! लवकर ये!"

ती पोचली तेव्हा तो वरच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता, हसतही होता. उतारावर फक्त हिरवी झुडपं माजली होती, एक निळं फूल नव्हतं. पण पायऱ्यांच्या समोर निळा गालिचा.

"बघितलंस? सगळा डोंगर सोडून फक्त माझ्या दाराशी! ये, इथं ये, माझ्याजवळ बस. इथून बघ कशी दिसते." त्यानं बाजूची जागा हातानं झाडली. "घराचं काय ते आजच ठरवू. त्या घरात काय, विचारत होतीस ना? तू. त्या घरात तू. आता झालं समाधान?"

वर्षभर ज्या शब्दासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, तो शब्द आला. आणि नोएमी जिथं उभी होती तिथंच उभी राहिली, फुलांच्या खालच्या कडेला.

तिथून ओळी दिसत होत्या.

अकरा. वीतभर अंतरावर, ताणलेल्या दोरीसारख्या सरळ. सात वर्षांची हाताची सवय! बियाण्याच्या वाफ्यांत दाताळ्यानं सरी ओढायची, बी सोडायचं, सरी बुजवायची. तिच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. वरच्या पायरीवरून मात्र फुलं एकात एक मिसळून नुसती निळाई दिसत असणार. ती वर गेली असती, त्याच्या शेजारी बसली असती, तर एवढ्यात काही बिघडणार नव्हतं. दहा दिवसांत पानं वाढून ओळी झाकल्या गेल्या असत्या. मग जन्मभर कुणाला काही कळलं नसतं.

तिच्या डोळ्यांसमोर ते घर आलं. मग त्या घराच्या दारात बसून रोज सकाळी आईशी बोलणारा एफ्रेन आला, आणि त्याच्या शेजारी कप धरून गप्प बसलेली ती स्वतः.

"एफ्रेन," ती म्हणाली, "तू इकडे खाली ये."

"अगं, तूच वर—"

"ये ना. माझ्याजवळ उभा राहा आणि बघ."

तो आला. हसत हसत आला. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं पाहिलं. हसू आधी ओठांवर तसंच राहिलं. मग खांद्यावरचा हात हळूहळू निघाला.

"आईला..." तो म्हणाला, "आईला सरळ रेघ येत नव्हती."

"मी पेरलं. नोव्हेंबरात. तू जाऊ नयेस म्हणून."

"आणि गेल्या वर्षीची?"

"ती तुझ्या जन्माआधीची होती. मातीत पडून. आग लागल्याशिवाय ती उगवतच नाहीत."

"म्हणजे ज्या आगीनं तिला नेलं..."

"हो."

एफ्रेन ओळीच्या टोकाशी उकिडवा बसला. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी रोज बोलायचो तिच्याशी. कोंबड्यांसाठी तिला जाऊ दिलं म्हणून माफी मागायचो. आणि तू शेजारी बसून कॉफी प्यायचीस."

"मला सांगता नाही आलं. माझं... तुझ्यावर प्रेम आहे, एफ्रेन."

"माहितीय," तो म्हणाला. "म्हणून तर राग धड येतही नाहीये."

गुरुवारी तो बॉइसीला गेला. ट्रेलर ट्रकला जोडताना एवढंच म्हणाला, "या ओळींचं बी घेऊ नकोस. पडू दे." तिनं मान डोलावली. ट्रक वळणाआड गेल्यावरही बराच वेळ ती तिथं उभी होती. रडू नंतर आलं, नळाशी, हात धुताना.

जूनमध्ये, बी पडून गेल्यावर, ती एकदाच तिथं गेली. जागेला अजून गिऱ्हाईक नव्हतं. दुपार कलली होती. नळ अजून ठिबकत होता आणि फुटक्या ओट्याच्या विटांमधून काहीतरी हिरवंगार वर आलं होतं. तिनं गुडघे टेकून पाहिलं. पानं बदामासारखी, मऊ. देठांना गाठी. टोकाला मिटलेल्या कळ्या.

गुलबाक्षी! या डोंगरावरची नव्हेच. तिच्या शेडमधली नव्हे, कुठल्या पक्ष्यानं आणावी तर दोन मैलांत कुणाच्या दारात नव्हती. वीस वर्षं उधळलेल्या मुठींतलं चार-दोन बी या विटांत घरंगळलं होतं, जमिनीत तगून राहिलं होतं. त्याला फक्त पाणी हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात दोघांच्या हातांवरून रोज संध्याकाळी वाया गेलेलं पाणी.

तिनं फोन लावला. पलीकडे छपरावर हातोड्यांचे आवाज येत होते.

"एफ्रेन, तुझ्या आईचं काळं बी... ते आलंय. नळाखाली. गुलबाक्षी आलीय."

हातोडे वाजत राहिले.

"नोएमी," तो हळूच म्हणाला, "पुरे आता."

"मी नाही लावली."

"बरं."

"शप्पथ, एफ्रेन—"

"बरं म्हटलं ना." आवाजात रागाचा लवलेश नव्हता. आजारी माणसाची समजूत काढावी, तसा आवाज. तोच तिच्या काळजात घुसला. तरी त्यानं विचारलं, "रंग कुठला?"

"अजून उमललेली नाही. कळ्या गुलाबी दिसतायत."

"आईनं रंग कधी सांगितला नव्हता." मग म्हणाला, "लावलीच आहेस, तर पाणी घालत जा." आणि फोन ठेवला.

नोएमीनं नळ बारीक सोडला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसून राहिली. चारच्या सुमाराला फुलं उमलू लागली, गडद गुलाबी. एक विटेच्या फटीत, एक ओट्याच्या कोपऱ्यात, दोन पार पायरीखाली, एकमेकांकडे पाठ करून. तिनं डोळे पुसून पुन्हा एकदा नीट पाहिलं. एकही ओळीत नव्हतं.