शिडीच्या वर

शिलाई मशीन मागच्या शेडमध्ये हलवलं आणि दिव्याचं लफडं उभं राहिलं. शाळेचे चाळीस गणवेश सोमवारपर्यंत द्यायचे, आणि शेडमध्ये भरदुपारीही सुईत दोरा ओवता येईना. छत पत्र्याचं, भोक पाडलं की गळणार. शिंपीणबाईंनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी दिराला बोलावलं. तो वायरमन, तोंडाने फटकळ, हाताने सफाईदार.

"पत्र्याला हातच लावायचा नाही, वहिनी. आतल्या लोखंडी पाइपला क्लॅम्प आवळू, त्याला लाकडी पट्टी, पट्टीला दिवा. झालं!"

"एवढं सोपं होतं?"

"मला सोपं. तुम्हाला नाही."

तो टेबलावर चढला. पाइप चार बोटं लांब राहिला. टेबलावर स्टूल ठेवलं. तरी चारच बोटं. तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. त्याने टेपने छत मोजलं. आठ फूट. पुन्हा मोजलं, तर नऊ.

"टेप बिघडलीय."

बाईंनी आपली शिवणाची टेप दिली. तिने साडेदहा दाखवले.

बाई बाहेर जाऊन आल्या. बाहेरून पत्र्याची कड नेहमीसारखी हाताला लागत होती.

"राहू द्या, भावजी. मी अंगणात बसून शिवीन."

"वा! आयुष्यभर लोकांच्या घरी दिवे लावले, आणि घरच्या शेडला हरू?"

तो शिडी घेऊन आला. नऊ पायऱ्यांची. बाईंनी ती दोन्ही हातांनी गच्च धरली. पावलं वाजू लागली. सात. आठ. नऊ.

दहा.

बाईंना मान वर करवेना.

"वहिनी, वायर सोडा," आवाज विहिरीतून यावा तसा आला, फक्त वरून. वायर सरसर वर जात राहिली. वेटोळ्यातला शेवटचा फेरा सुटला.

"भावजी, खाली या!"

मग खूप वर, तांदळाएवढा, दिवा लागला.

पावलं उतरू लागली. बाई मोजत राहिल्या आणि मोजणं चुकलं. अखेर तो समोर उभा राहिला. दिव्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"वहिनी," त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं, "माझी पोरं आता मोठी झाली असतील ना?"

त्याच्या धाकटीने कालच पहिलं पाऊल टाकलं होतं.

बाईंनी त्याचा हात धरला. त्याची नखं वाढून तळहाताकडे वळली होती.