डाव्या हातचा खेळ

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच अडकली, तेव्हा तिच्या हातातल्या डब्यात चार माणसांचे दात होते.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि त्यांवरून ती मेणाचे दात कोरायची. तयार माल पोचवणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता, म्हणून डबा घेऊन ती स्वतःच निघाली होती. रात्रभर पाऊस कोसळला होता, इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं होतं, आणि लिफ्टने एकदाच आचका दिला आणि मान टाकली.

बराच वेळ गेला. मग वरच्या दाराच्या फटीत चिखलाने बरबटलेले दोन बूट येऊन उभे राहिले.

“आत कोण आहे?” बुटांनी विचारलं.

“मी.”

“एकट्याच?”

“नाही. चार जणांचे दात आहेत सोबत.”

बुटांची चुळबुळ झाली. मग वरून हसू फुटलं… दाबून दाबून, तरी फुटलंच.

“मी लिफ्टचा मेकॅनिक. खाली पाणी उपसतायत. घाबरू नका हं.”

“घाबरले नाहीये. कंटाळलेय.”

“मग गप्पा मारू या. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.”

तो फरशीवर चक्क आडवा झाला आणि फटीतून त्याचा अर्धा चेहरा दिसू लागला. एक डोळा, एक भुवई, गालावर ग्रीसचा डाग. त्या एका डोळ्याने त्याने तिच्या हातातला मोबाईल बघितला. वेळ जावा म्हणून ती त्यावर बारीक बारीक चौकोन भरत एक खार काढत बसली होती.

“ही उडी मारते?” त्याने विचारलं.

“चित्र आहे ते. चित्रं उड्या मारत नाहीत.”

“मी मारायला लावीन. म्हणजे… शिकतोय अजून. मला गेम बनवायचाय. सध्या माझ्याकडे नुसता एक लाल चौकोन उड्या मारतो. त्याला बघून माझ्या मित्राला कीव येते. चौकोनाची नाही, माझी.”

ती हसली. त्या लोखंडी पेटीत आपलंच हसू तिला परक्याचं वाटलं. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती.

हसायला घरात होतं काय? बाबा लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. सगळा जन्म स्टिअरिंगवर गेलेला माणूस, आणि एका सकाळी दाढी करताना आरशासमोरच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला, ‘नाही’. चहा हवा असला तरी ‘नाही’, नको असला तरी ‘नाही’. कुठला ‘नाही’ म्हणजे ‘हो’, हे आवाजावरून ओळखायला आई आणि ती शिकल्या होत्या. आजारी माणसांना उसनी खाट देणाऱ्या एका संस्थेने लोखंडी खाट दिली होती. त्या खाटेने पुढची अर्धी खोली व्यापली होती आणि उरलेली अर्धी शांततेने.

लिफ्ट सुटली तेव्हा मेकॅनिकने तिचा नंबर घेतला. “दात बसवायचे असले की फोन करीन,” म्हणाला. बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते त्याचे. दोन दिवसांनी फोन आला. “दाताचं काही नाही. ती खार… देता का मला?”

“नुसती खार नाही देत,” ती म्हणाली. “मीही येते सोबत.”

अशी टीम जमली. तिसरा त्याचा मित्र, भोंगा. दिवसभर चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसायचा आणि उरलेल्या वेळात एका जुन्या कीबोर्डवर सुरावटी रचायचा. आवाज असा, की कुजबुजला तरी शेजारचे खिडक्या लावून घेत. तिघांनाही धड काही येत नव्हतं. उतावीळपणा मात्र भरपूर होता. जमायचं कुठे? आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. इतर दिवशी तिची रात्रपाळी, रविवारी मात्र दिवसाची ड्युटी. बाबांना एकटं ठेवून चालणार नव्हतं. म्हणून दर रविवारी दुपारी मेकॅनिक आणि भोंगा तिच्याच घरी यायला लागले. खाटेच्या पायथ्याशी सतरंजी, सतरंजीवर लॅपटॉप.

गेमची गोष्ट तिची होती. हिवाळ्यासाठी बिया पुरून ठेवणारी आणि कुठे पुरल्या तेच विसरणारी खार. सगळं जंगल हुंगत तिने आपलं विसरलेलं शोधायचं. गोष्ट गोड होती, पण खार काही केल्या जमिनीवर ठरेना. फांदीवरून उडी मारली, की जमिनीतून आरपार खाली जायची आणि पडतच राहायची. मेकॅनिक डोकं खाजवायचा, कोड बदलायचा… खार पुन्हा पाताळात.

“आपण गेमचं नावच ‘पाताळातली खार’ ठेवू,” भोंगा म्हणाला.

आणि तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, “नाही! नाही! नाही!”

तिघं दचकून वळली. बाबा हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

त्या दिवशी मेकॅनिकने आणखी एक गोष्ट बघितली आणि कुणालाच सांगितली नाही. खार पळाली, की चादरीवर बाबांची डाव्या हाताची बोटं हलत होती.

पुढचे काही रविवार तो गप्प गप्प असायचा. डोळे तांबारलेले. मग एका दुपारी त्याने लॅपटॉप उचलला, सरळ खाटेवर नेऊन ठेवला आणि बाबांचा डावा हात हलकेच उचलून कळांवर टेकवला.

“काका, ही दाबली की पुढे, ही मागे. अंगठ्याने उडी. उजव्या हाताचं काही कामच नाही. बघा बरं.”

खार पळाली. धडपडली. पुन्हा पळाली आणि उडी मारून जमिनीवर उभी राहिली! बाबांच्या घशातून जो ‘नाही’ निघाला, तसा तिने आजवर ऐकला नव्हता.

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच नळ सोडून उभी राहिली. थोड्या वेळाने दारात तो.

“चिडलीस?”

तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

“मला विचारलं का नाहीस?” ती पाठमोरीच म्हणाली.

“तू नको म्हणाली असतीस.”

“हो. म्हणाले असते.”

“म्हणून.”

तिने नळ बंद केला. त्याच्या हातांना नेहमीसारखं ग्रीस होतं. तिने साबण पुढे केला, मग टॉवेल. हात पुसताना त्याने टॉवेलसकट तिचीही बोटं धरली… क्षणभरच. बाहेरून भोंगा ओरडला, “अरे, काका पहिली लेव्हल जिंकले! तुम्ही दोघं काय भांडी घासताय का?”

त्यानंतर दिवस भराभर गेले. एका हाताने खेळायचं म्हणून गेम फार संथ झाला, एखाद्या स्पर्धेत पाठवला तर कोण विचारणार, अशी भोंग्याची कुरकुर असायची. पण बाबा अडकले, की तोच पहिला उठून त्यांच्या उशाशी जायचा. ती झाडं रंगवायची, धुकं रंगवायची. मेकॅनिक शेजारी बसून कोड लिहायचा आणि चुकून, अगदी चुकून, त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकलेला असायचा.

आईच्या नजरेतून काय सुटणार? एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, “मी आहे आज घरी. हे झोपलेत. जा, दोघं जरा बाहेर फिरून या. सारखं काय त्या डबड्यात तोंड घालून बसता?”

दोघं गेली. बागेतल्या तळ्याकाठी कुणी नव्हतं. होड्या ताडपत्रीखाली बांधून ठेवल्या होत्या आणि झिमझिम पाऊस पडत होता. छत्री एकच, तिचीही एक काडी मोडलेली.

“तू भिजतोयस,” ती म्हणाली.

“अर्धाच. उरलेला अर्धा छान आहे.”

“कुठला अर्धा?”

“तुझ्या बाजूचा.”

ती मान खाली घालून हसली. तो थांबला. “ऐक ना… मला तुला काहीतरी सांगायचंय—”

“आत्ता नको,” ती म्हणाली. “थोडा वेळ असंच चालू या. मला ना… आज फार बरं वाटतंय.”

तिचा फोन पिशवीच्या तळाशी होता, आवाज बंद करून ठेवलेला. लॅबमध्ये ठेवायची तसाच. आई त्यावर पुन्हा पुन्हा फोन करत होती.

दोघं धावत घरी पोचली, तेव्हा बाबा गेले होते.

नंतरचे दिवस माणसांनी भरून गेले आणि मग एकदम रिकामे झाले. मेकॅनिक रोज यायचा. पाणी भरायचा, खुर्च्या उचलायचा, जिन्यात उभा राहायचा. ती रडली नाही. एका संध्याकाळी ती त्याच्यामागे जिन्यात गेली.

“उद्यापासून येऊ नकोस.”

“का?”

“तुला बघितलं, की तळं आठवतं. बाबा इथे जात होते आणि मी तिथे… मी खूश होते रे. इतकी खूश मी कधीच नव्हते. ते मला सहन होत नाही.”

तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर कदाचित तिला भांडता आलं असतं. तो सावकाश जिना उतरून गेला आणि कठड्याला धरून ती त्याची पावलं ऐकत राहिली… ऐकू येईनाशी होईपर्यंत.

पाऊस संपला. थंडी आली. ती कामावर जायची, यायची. एकदा तिने कोरलेला दात एवढा वाकडा निघाला, की लॅबचे सर म्हणाले, “अगं, हा माणसाला बसवायचाय, भुताला नाही.” सगळे हसले. ती नाही हसली. मोबाईलमधली खार तिने पुन्हा उघडली नाही. संध्याकाळी आई आणि ती समोरासमोर जेवायच्या, आणि मध्ये ती रिकामी लोखंडी खाट. संस्थेचे दोनदा फोन आले होते, दुसरा पेशंट वाट बघत होता. आई ‘देते, देते’ म्हणायची आणि रोज नवी चादर घालायची.

मग एक दिवस ती लॅबमधून परतली, तर खाटेखालून दोन बूट बाहेर आलेले.

ती दारातच थबकली. आई स्वयंपाकघरातून आली. “खाट परत द्यायचीय. मी बोलावलं त्यांना. भोंगा खाली टेम्पोपाशी आहे.”

“आई, तो भोंगा एकट्याने नेईल ही खाट.”

“नेईल की. पण मला नुसती खाट नव्हती हलवायची.” आईने पदराला हात पुसले. तिने आवाज चढवला नाही. “त्या दिवशी तुम्हाला बाहेर कुणी पाठवलं? मी. मग दोष द्यायचा तर मला दे. मला देत नाहीस ना? मग त्या पोराला कसली शिक्षा? आणि स्वतःला?”

“आई…”

“ते झोपेत गेले गं. मी शेजारी बसून भाजी निवडत होते, मला कळलं नाही. तू असतीस तर तुलाही कळलं नसतं.” एवढं बोलून आई आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली. खाली तो पान्ह्याने एका नटाशी झटत होता.

“तिकडून धर,” तो म्हणाला. जणू कालच भेटले होते.

तिने पाइप धरला. पान्हा दोनदा घसरला.

“गेमचं काय झालं?” तिने शेवटी विचारलं.

“तसाच आहे. भोंगा म्हणाला, उरलेली चित्रं दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.”

“तळ्यावर… तू काहीतरी सांगणार होतास.”

पान्हा थांबला.

“आत्ता सांगू? नट सुटत नाहीये.”

“सांग.”

तो खाटेखालून बाहेर आला. केसांत जळमटं, गालावर ग्रीस. “मला तू आवडतेस. त्या दिवशीही आवडत होतीस. त्या दिवशी मीही खूश होतो, आणि काका गेले याचं मला फार वाईट वाटतं. पण खूश होतो याची लाज नाही वाटत. तुला वाटावी, असंही मला वाटत नाही. बस. एवढंच.”

तिने पाइप घट्ट धरला. “मलाही तू… पण ऐक ना. मला अजून नीट हसता येत नाही. बोलता बोलता एकदम गप्प होते मी. तुला अशी मुलगी चालेल?”

“गप्प बस की. मी शेजारी कोड लिहीन.”

“आणि रडले तर?”

“तर लिहिणार नाही.”

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं, त्या खाटेला डोकं टेकून, आवाज न दाबता. तो जवळ सरकला, पण हात काळे होते म्हणून अवघडून तसाच राहिला. तिनेच ते काळे हात ओढून घेतले आणि त्यांत तोंड लपवलं.

मग खाट सुटी झाली. एकेक भाग खाली गेला. खोली एकदम केवढी मोठी दिसायला लागली. फरशीवर खाटेएवढा धुळीचा पट्टा उरला होता.

“आता इथे काय ठेवायचं?” आईने दारातून विचारलं. कुणाकडेही न बघता.

“टेबल,” ती म्हणाली. नाक ओढत, जरा वेळाने. “खाली बसून पाठ दुखते.”

आईने मान डोलावली आणि वळली.

तिने दोन फडकी भिजवून आणली, एक त्याच्याकडे टाकलं. ती खिडकीकडून पुसायला लागली, तो दाराकडून. खालून भोंग्याने सगळी गल्ली उठवली, “अरे, ही खाट काय मी एकट्याने चढवू? या की कुणीतरी!” दोघांनीही ऐकलं. कुणीच उठलं नाही. पुसत पुसत दोघं पट्ट्याच्या मध्यापर्यंत आली, आणि तिथे दोघांना जागा अपुरी पडली. मागे मात्र कुणीच सरकलं नाही.