‘कोणालाही’ म्हणजे कोणाला?

डबा धुऊन ती नुकतीच जागेवर येऊन बसली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. आधी एक पांढरी काठी आत आली, मागोमाग काळा कोट, आणि कोटाच्या वर एक हसरा चेहरा.

“डिजिटल भांडार हेच ना? खाली दोघांनी मला रस्ता दाखवला – बोटानं.”

तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. “खुर्ची तुमच्या उजव्या हाताला आहे,” ती म्हणाली.

“वा. या इमारतीतलं पहिलं उपयोगी वाक्य.” तो चाचपून बसला. “मी वकील. तक्रार घेऊन आलोय.”

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत तक्रार घेऊन सहसा कोणी येत नसे. खरं तर कोणीच येत नसे. जुने प्रबंध, अहवाल, मासिकं स्कॅन करून संगणकावर ठेवायची, सगळ्यांना फुकट वाचायला खुली करायची आणि ती वर्षानुवर्षं टिकतील हे बघायचं, हे तिचं काम. सगळे तिला भांडारवालीच म्हणत. वाचणारे होते, पण ते पडद्यावरच्या आकड्यांत. हाडामांसाचा वाचक दारात उभा राहिला तो हा पहिलाच.

वकिलानं घसा खाकरला. “‘या भांडारातील साहित्य कोणालाही, कुठूनही, विनामूल्य आणि विनाअडथळा वाचता येईल.’ तुमच्या धोरणातलं पहिलं वाक्य. कोणी लिहिलंय?”

“मी.” आवाजात जरा ऐट होतीच.

“सुंदर आहे. मग सांगा – ‘कोणालाही’मध्ये मी बसतो का?”

उत्तराची वाट न बघता त्यानं लॅपटॉप उघडला. मजकूर वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज सुरू झाला. ‘पान एक. चित्र. पान दोन. चित्र. पान तीन. चित्र.’

“शेवटपर्यंत हेच,” तो म्हणाला. “नदीच्या पुराचा जुना चौकशी अहवाल आहे. तुमच्यासाठी त्यात अक्षरं आहेत. माझ्या यंत्रासाठी नुसते फोटो.”

तिनं खुर्ची मागं सरकवली. ते त्याला बरोबर ऐकू आलं.

“रागावलात?”

“नाही. लाजले.”

“अरेरे… आणि तेही माझं बघायचं राहिलं.”

आता मात्र तिला हसू आवरलं नाही.

नदीकाठच्या एका वस्तीला जागा सोडायची नोटीस आली होती; तिची बाजू तो कोर्टात मांडत होता. मोठ्या पुरानंतर सरकारनंच आम्हाला इथं बसवलं, असं तिथली म्हातारी माणसं सांगत. पण कोर्ट सांगोवांगीवर चालत नाही. लेखी पुरावा असलाच तर त्या अहवालात असणार होता. आजवर वकिलाला कागद वाचून दाखवायला त्याची मोठी बहीण होती. तिची दुसऱ्या गावी बदली झाली.

“ताई फोनवर वाचायला तयार आहे,” तो म्हणाला. “पण ती वाचते तेव्हा मला तिचं मत आधी कळतं, मजकूर नंतर. मला स्वतः वाचायचंय.”

तिनं त्याच दुपारी अहवाल अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून काढला. पण छपाई जुनी, शाई उडालेली. यंत्राला म कुठला आणि भ कुठला कळेना, घ आणि ध तर जुळे भाऊच. पहिल्याच परिच्छेदात आवाज ठणकावून म्हणाला, ‘भाजी आयुक्तांनी धराधरांत जाऊन पाहणी केली.’

“भाजी आयुक्त,” वकील गंभीरपणे म्हणाला. “म्हणजे मंडईचे असणार.”

शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले, इतकी ती हसली.

मग तो कोर्टाचं काम संपलं की येऊ लागला. यंत्र वाचे, तो ऐके; कुठं शब्द खटकला की बोट वर करी, ती मूळ पान बघून दुरुस्त करी. त्याचा कान भलता तिखट. पण त्या कानाला तिचंही बरंच काही कळू लागलं होतं… ती थकली की टायपिंग मंदावतं, काळजीत असली की पेनाचं टोपण उघडमीट करते.

“असं काय जपता तुम्ही इथं?” त्यानं एकदा विचारलं.

तिनं सांगितलं. प्रत्येक फाइलच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत असतात. एखादं अक्षर जरी आपोआप बिघडलं तरी यंत्र ओरडतं. फाइलचा जुना प्रकार नव्या संगणकांवर चालेनासा होण्याआधी ती नव्या प्रकारात न्यावी लागते, नाहीतर असून नसल्यासारखी.

“इतकं कोणासाठी?”

“कोण जाणे. कधीतरी कोणीतरी येईल म्हणून.”

“आणि आलं कोण, तर भांडकुदळ वकील.”

“हो ना,” ती म्हणाली. “नशीब एकेकाचं.” पण घरी जाताना तिच्या मनात आलं, देवा, बरं झालं, कोणीतरी आलं.

एका संध्याकाळी पाऊस असा कोसळला की सायकल स्टँडच्या पत्र्यावर ताशे वाजायला लागले. यंत्राचा आवाज ऐकू येईना. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि स्वतःच वाचायला सुरुवात केली. ओल्या कोटाचा वास, खिडकीतून येणारा तुषार… आणि वाचता वाचता ती थबकली.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“ऐका. ‘सदर कुटुंबांना नदीच्या पूर्वेकडील भूखंडावर कायमस्वरूपी वसविण्यात आले.’”

“पुन्हा वाचा.”

तिनं वाचलं. त्याचा हात टेबलावर पुढं आला, तिच्या हाताला लागला, आणि दोघांनीही तो लगेच हलवला नाही.

“आभारी आहे,” तो हळूच म्हणाला.

दुरुस्त प्रत भांडारात चढवायची वेळ आली, तेव्हा मुख्य ग्रंथपाल आडवे आले. “जमा झालेली प्रत बदलायची नाही. नियम तुमचाच आहे.”

खरंच तिचाच होता. तिचा चेहरा पडला. वकिलानं मात्र मान डोलावली.

“साहेबांचं बरोबर आहे. मूळ प्रत बदललीत तर कोर्टात समोरचा वकील मलाच धारेवर धरेल. मूळ तशीच राहू द्या. वाचता येणारी शेजारी ठेवा, काय दुरुस्त केलं तेही लिहा.”

तिनं तसा नवा नियम लिहिला आणि समितीपुढं नेला. “एकासाठी केलं,” ग्रंथपाल म्हणाले, “तर सगळ्यांसाठी करावं लागेल.”

“हो सर. पहिल्या वाक्यात आपण तेच कबूल केलंय.”

ग्रंथपाल बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “यापुढचं सगळं वाचता येणारं घ्या. जुनं, कोणी मागेल तसं.” आणि सही केली.

वस्तीची नोटीस रद्द झाली. युक्तिवादात ते पान त्यानं लॅपटॉपचा आवाज इअरफोननं ऐकत, एकेक शब्द उच्चारत स्वतः वाचलं. ती मागच्या बाकावर बसून ऐकत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर तो कोर्टात, ती भांडारात. फोन येई, पण फोनवर काय, तर आभार. वस्तीच्या वतीनं आभार, ताईच्या वतीनं आभार. एक दिवस तो पुन्हा दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, खरं तर मी तुमचे –”

“पुरे,” ती म्हणाली. “इतके आभार मानता की वाटतं, हिशेब मिटवून मोकळं व्हायचंय तुम्हाला.”

“हो. मिटवायचाच आहे.”

ती पेनाचं टोपण उघडमीट करू लागली.

“कारण…” तो अडखळला. कोर्टात न अडखळणारा माणूस. “कारण उपकार डोक्यावर ठेवून तुम्हाला काही विचारलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, हा मदतीलाच प्रेम समजतोय. म्हटलं, आधी फेडू. मग बोलू. पण फिटतच नाही.”

“तुमचं फिटत नाही?” ती म्हणाली. “मी इतकी वर्षं इथं सगळं नीट लावून ठेवलं. ते कोणाला तरी लागतं, हे मला तुम्ही आल्यावर कळलं. मी कुणाचे आभार मानायचे?”

मग काठीची घडी घालून त्यानं ती खिशात ठेवली आणि हात पुढं केला.

“म्हणजे दोघंही कर्जबाजारी. मग… आयुष्यभर एकमेकांचं असंच देणं लागत राहू या का? माझ्याशी लग्न करशील?”

तिनं मान डोलावली. जोरात, दोनदा. मग लक्षात आलं, तो अजून तसाच, श्वास रोखून उभा आहे.

तिनं त्याचा हात धरला, अगदी जवळ गेली, आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “हो.”