आठवा डबा

सगळ्यात आधी खटकली ती टिकटिक. समोर तोच खडक, आसपास कुणी नाही, आणि ईप्सिताच्या हातातलं यंत्र एकाएकी जोरात वाजायला लागलं.

"रुद्र, हसू नकोस," पद्माकरकाका म्हणाले. स्टुटगार्टच्या त्यांच्या घरी जेवणं उरकून मुलं भोवती बसली होती. "आपल्या साधनाकाकूची भाची ती. हायडेलबर्गला पीएचडी करते."

"एष्ट? खरंच?" अन्वीने पांघरूण ओढून घेतलं.

"अगदी एष्ट. गेल्या वर्षी, चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळचे पावणेसहा, पण ब्लॅक फॉरेस्टमध्ये तेव्हा मिट्ट काळोख."

काम साधंच होतं. युरेनियमच्या शोधात डोंगरात खणलेला एक जुना बोगदा. पुढे खाण काही झाली नाही, बोगदा तेवढा राहिला. आतला किरणोत्सर्गी वायू मोजायला दोघांनी महिन्यापूर्वी सात डबे टांगले होते. ते काढायला तिचा सहकारी ध्रुव आत गेला. ईप्सिता दाराशी थांबली, वॉकीटॉकी आणि किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन. नियम पक्का होता. तीन हाकांना उत्तर नाही, तर बचाव पथकाला फोन. स्वतः आत शिरायचं नाही.

"भीती वाटली तर गाणं म्हण," ध्रुव जाताना म्हणाला होता. "फक्त रेडिओवर नको, मी बाहेरच यायचो नाही."

टिक... टिक... टिक. इतका वेळ हे असं चाललं होतं. मग टिकटिक दाटली. तिने यंत्र बोगद्याकडे फिरवलं. कमी झाली. पायवाटेकडे धरलं. वाढली.

वाटेवर कुणीच नव्हतं.

आवाज चढत गेला. माणूस चालत यावा तसा. जवळ. अगदी शेजारी. यंत्र नुसतं किंचाळत होतं...

मग उतरू लागला. पण आता यंत्र बोगद्याकडे धरलं की तो वाढत होता.

जे काही होतं, ते तिला ओलांडून आत गेलं होतं. ध्रुव होता तिथे.

"ध्रुव?"

खरखर.

"ध्रुव, बाहेर ये. प्लीज."

पुन्हा नुसती खरखर. पाय आत धावायला बघत होते. फोनवर बचाव पथकाचा नंबर काढलेला. अंगठा त्यावर. तिसरी हाक...

"ध्रुव!"

"अगं हो, ओरडतेस काय! आत आलीस ती आलीस, डबा हातात देऊन एक शब्द न बोलता गेलीस कुठे? हात केवढे गार पडलेत तुझे... थांब, निघालोच. माझे सात आणि तू दिलेला आठवा, सगळे घेतलेत."