विहिरीतल्या जांभळाचा बाक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, ऋतुजाच्या बाबतीत खरंच घडलंय. गेल्या मार्चमध्ये, पुण्याजवळ धायरीत. तेही भरदुपारी.

तिथली एक जुनी विहीर बुजवत होते. आधी गाळ उपसला, तेव्हा तळातून जांभळाचं लाकूड निघालं, जुन्या विहिरी बांधताना तळाशी घालायचे तसं. काळंकुट्ट, पण जराही न कुजलेलं.

टाकून दिलेल्या लाकडातून फर्निचर घडवणं हा ऋतुजाचा व्यवसाय. तिने ते उचलून आणलं आणि स्वतःच्या हाताने बाक केला.

लाकूड उन्हात कडकडीत वाळवलं होतं. तरी रंधा मारताना हाताला ओल लागायची...

तिचे वडील नागोरावकाका परभणीहून पुण्यात आलेले. कारखान्यात राबून पोरीला इंजिनिअर केलं, आणि तिने हा उद्योग काढला.

"सरपणाला पॉलिश मारून विकते," ते येईल त्याला सांगायचे. "घेणारे तिच्याहून दीडशहाणे."

ऋतुजा ऐकून घ्यायची. उलट उत्तर कधीच नाही.

त्या दुपारी ती पॉलिश आणायला शनिवार पेठेत गेली होती. परत आली तर तिच्या कामाच्या शेडमध्ये काका त्या बाकावर बसलेले. चेहरा पांढराफटक.

"झालं समाधान?" काका म्हणाले. "अजून किती बोलशील?"

"बाबा, मी आत्ता येतेय."

"खोटं बोलू नकोस! माझ्या मागे उभी राहून बोलत होतीस. वर हसत होतीस."

बाकाच्या मागे भिंत होती. माणूस उभं राहायलाही जागा नव्हती.

"काय बोलले मी?"

काकांनी बाकाच्या कडेवरून हात फिरवला.

"तुझी आई गेली, त्या दिवशी मी तिला जे बोललो होतो... ते सगळं. शब्दन् शब्द. खोलीत आम्ही दोघंच होतो गं."

ऋतुजा बाक जाळायला निघाली. काकांनीच अडवलं.

आता जेवण झालं की ते रोज शेडमध्ये जातात. दार लावून घेतात.

एकदा ऋतुजाने दाराला कान लावला.

"चुकलं माझं..." काका रडत होते.



मग कुणीतरी हसलं. पायाशी आलेल्या किड्याकडे बघून हसावं, तसं.

"एवढंच?"

आवाज ऋतुजाचा होता.

दाराबाहेर तिचे ओठ मिटलेले होते.

"अगं, मग फेकून दे ना तो बाक!" मी परवा तिला म्हणालो.

"कशाला?" ती म्हणाली. "बाबा आता मला घालूनपाडून बोलत नाहीत."

आणि ती हसली.

तिचं ते हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही...